खाण तशी माती, की डोक्यावर पडलेलं मूल?

एखाद्याचं वागणं विचित्र वाटलं की त्याचा खुलासा करायला मराठीत दोन तयार वाक्यं आहेत. एक, 'खाण तशी माती'. दुसरं, 'लहानपणी डोक्यावर पडला होता का?' पहिल्यात दोष रक्ताचा, दुसऱ्यात अपघाताचा. दोन्ही वाक्यं आपण हसत हसत वापरतो आणि विसरून जातो.

आमच्या घरात ती कुणी हसत वापरली नाहीत. माझा धाकटा भाऊ सहा वर्षांचा असताना गच्चीच्या जिन्यावरून खाली पडला. कवटीला तडा गेला, दोन दिवस तो शुद्धीवर नव्हता. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले, "लहान आहे, सगळं भरून येईल." चालणं-बोलणं खरंच भरून आलं. पण तिसरी-चौथीत गेल्यावर वेगळंच सुरू झालं. रांगेत उभं राहता यायचं नाही, गणित चुकलं की वही फाडायचा, जेवताना मनाविरुद्ध काही झालं की ताट भिरकवायचा. आत्या म्हणायची, "अगदी अण्णांवर गेलाय." अण्णा म्हणजे आमचे आजोबा, रागासाठी गावभर प्रसिद्ध. आई म्हणायची, "पडायच्या आधी तो असा नव्हता." हा वाद कित्येक वर्षं चालला. तो चालू असताना भाऊ त्याच खोलीत बसलेला असायचा, हे मात्र कुणाच्या लक्षात यायचं नाही.

त्यामुळे एड्रियन रेन यांचं 'द अ‍ॅनाटॉमी ऑफ व्हायोलन्स' हे पुस्तक मी हातात घेतलं ते काही निव्वळ वाचनाच्या आवडीनं नाही. २०१३ साली आलेलं हे पुस्तक गुन्हेगारीच्या जैविक मुळांबद्दल आहे. जनुकं, मेंदूची इजा आणि बालपण या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र येतात. आत्या आणि आई यांच्या वादाचा निकाल एखाद्या प्राध्यापकानं लावून ठेवला असेल तर तो मला हवा होता. निकाल मिळाला नाही. पण अशी पुस्तकं कशी वाचू नयेत, हे मात्र कळलं.

पुस्तकात काय आहे

रेन मूळचे इंग्लंडचे, तुरुंगात मानसशास्त्रज्ञ म्हणून काम केलेले, नंतर अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राध्यापक. लिहिण्यात हात चांगला आहे. सुरुवातच स्वतःवरच्या हल्ल्यापासून होते. १९८९ साली तुर्कस्तानातल्या बोद्रुममध्ये हॉटेलच्या खोलीत घुसलेल्या चोरानं त्यांचा गळा चिरायचा प्रयत्न केला. अभ्यासक म्हणून ते गुन्हेगाराला समजून घेऊ पाहतात, आणि बळी म्हणून त्यांना सूड हवासा वाटतो. ही ओढाताण ते लपवत नाहीत, आणि त्यामुळे पुस्तकावर विश्वास बसतो.

मग येतो इटलीचा सेझारे लोम्ब्रोसो. एकोणिसाव्या शतकात एका दरोडेखोराच्या कवटीत एक खळगा पाहून 'जन्मजात गुन्हेगार' हा सिद्धान्त मांडणारा माणूस. लोम्ब्रोसो चुकला हे रेन मान्य करतात, पण गुन्ह्याचं मूळ मेंदूत शोधायची दिशा बरोबर होती असं त्यांचं म्हणणं. त्यांनी स्वतः ४१ खुन्यांचे मेंदू पेट स्कॅननं तपासले आणि इतर ४१ माणसांशी त्यांची तुलना केली. कपाळामागचा भाग, म्हणजे राग आवरणारा, पुढचा विचार करणारा भाग, खुन्यांमध्ये एकंदरीत मंद चालताना दिसला.

पुस्तकातली सर्वांत लक्षात राहणारी गोष्ट आहे डॉन्टा पेज याची. १९९९ साली डेन्व्हरमध्ये त्यानं एका तरुणीवर बलात्कार करून तिचा खून केला. बचाव पक्षातर्फे रेन यांनी साक्ष दिली. पेजचा स्कॅन त्यांनी न्यायाधीशांसमोर ठेवला आणि त्यासोबत त्याचं बालपण. तान्हा असताना तो चालत्या गाडीच्या खिडकीतून बाहेर पडला होता. दोन वर्षांचा व्हायच्या आत अनेकदा दवाखान्यात नेला गेला. आई त्याला गदागदा हलवायची, पुढे बेदम मारायची. कुटुंबात मानसिक आजारांचा इतिहास होता. फाशी टळली, जन्मठेप झाली.

हे प्रकरण मी रात्री दीड वाजता वाचलं आणि पुस्तक मिटून शेजारच्या खोलीत डोकावलो. भाऊ मोबाइल छातीवर ठेवून झोपला होता. मला स्वतःचीच लाज वाटली. वाचकाला झोपलेल्या भावाकडे संशयानं बघायला लावणारं पुस्तक ताकदवान आहे, यात वाद नाही. पण ते बरोबर आहे का?

लॉग उलटा वाचणं

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. रात्री सर्व्हर पडला की सकाळी आम्ही लॉग वाचायला बसतो. पडला त्या क्षणापासून मागे मागे जातो. नवीन मुलं दहा मिनिटांत ओरडतात, "सापडलं! पडायच्या तीन मिनिटं आधी ही वॉर्निंग आली होती." मग कुणीतरी जुना माणूस शांतपणे विचारतो, "हीच वॉर्निंग काल किती वेळा आली होती?" शोधल्यावर कळतं, हजारो वेळा. सर्व्हर पडला एकदाच.

रेन यांच्या पुस्तकाची रचना ही त्या नवीन मुलासारखी आहे. प्रकरण खुनापासून सुरू होतं आणि मागे जातं. खुनी सापडला, की त्याच्या बालपणात डोक्याची इजा शोधायची, घराण्यात आजार शोधायचा, स्कॅनमध्ये मंद पडलेला भाग शोधायचा. सापडतोच. गोष्ट पूर्ण झाल्यासारखी वाटते. पण खिडकीतून पडलेली, मार खाल्लेली, घराण्यात आजार असलेली आणि तरीही कुणाला इजा न करता जगणारी माणसं या गोष्टीत येऊच शकत नाहीत, कारण त्यांच्यावर खटला भरला गेलेला नसतो.

रेन यांना हे माहीत नाही असं नाही. त्यांनी स्वतःचाही मेंदू स्कॅन केला आणि तो एका कुप्रसिद्ध मालिका-खुन्याच्या स्कॅनसारखा दिसला, हे ते मोकळेपणानं सांगतात. खुनी कोण आणि प्राध्यापक कोण हे स्कॅनवरून ओळखता आलं नाही, तर पुढचं सगळं पुस्तक सावकाश, साशंकपणे वाचायला हवं. पण लेखक स्वतःच थांबत नाही. तो किस्सा रंजक म्हणून येतो आणि जातो. माझ्या मते पुस्तकातली सर्वांत मोठी संधी तिथे हुकली आहे.

लॉग सरळ वाचला तर काय दिसतं? स्वीडनमध्ये जन्म, दवाखाना, न्यायालय अशा सगळ्या नोंदी एका क्रमांकानं जोडलेल्या असतात. त्यामुळे तिथे इजेपासून सुरुवात करून पुढे बघता येतं. सीना फाझल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली असाच अभ्यास छापला. १९७३ ते २००९ या काळात मेंदूला इजा झालेली सुमारे तेवीस हजार माणसं त्यांनी घेतली. मुलं आणि मोठी, दोन्ही. त्यांच्यातल्या ८.८ टक्के लोकांवर पुढे हिंसक गुन्हा सिद्ध झाला. इजा न झालेल्या सर्वसाधारण लोकांत हे प्रमाण ३ टक्के होतं. म्हणजे धोका वाढतो, हे खरं. इतर घटक जमेस धरल्यावर तो ३.३ पट निघाला.

आता पुढची पायरी बघा. याच माणसांची तुलना त्यांच्या इजा न झालेल्या सख्ख्या भावंडांशी केली तेव्हा ३.३ चे २ झाले. भावंडांमध्ये सरासरी निम्मी जनुकं सारखी असतात, घर सारखं असतं, आईबाप तेच असतात. म्हणजे जो फरक आपण सगळाच्या सगळा डोक्याच्या माराच्या खात्यावर टाकत होतो, त्यातला मोठा वाटा घराणं आणि घर यांचा होता. तरी उरलेला वाटा नाहीसा झाला नाही. आत्याही थोडी बरोबर, आईही थोडी बरोबर.

आणि दोघींनीही न पाहिलेली गोष्ट म्हणजे शंभरातले ते उरलेले एक्क्याण्णव. मेंदूला इजा झाली आणि हिंसक गुन्हा केला नाही असे. पुस्तकात त्यांच्यासाठी प्रकरण नाही.

पडणारं मूल आधी कसं होतं?

या विषयातली एक साधी गोष्ट समजायला मला फार वेळ लागला. जनुकं ही इजेनंतर कामाला लागतात असं नाही. ती इजेच्या आधीपासूनच कामावर असतात.

जे मूल जात्याच धडपडं आहे, थांबता येत नाही, विचार न करता उडी मारतं, ते जास्त पडतं. अतिचंचलता आणि अवधानाचा अभाव, ज्याला आपण एडीएचडी म्हणतो, त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो असं जुळ्यांच्या अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. मग इजेनंतर ते मूल चंचल दिसलं, तर ती चंचलता इजेनं आली की चंचलतेनं इजा आणली? आमची आई म्हणायची तो आधी असा नव्हता. पण सहा वर्षांचा मुलगा गच्चीच्या जिन्याच्या कठड्यावरून घसरत होता, हेही तीच सांगायची.

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कीथ येट्स, गेरी टेलर, शॅरी वेड यांच्या गटानं यावर एक छान उपाय केला. डोक्याला मार लागलेल्या मुलांची तुलना त्यांनी धडधाकट मुलांशी केली नाही, तर हात-पाय मोडून दवाखान्यात आलेल्या मुलांशी केली. दोन्ही गटांतली मुलं पडलेली. दोन्हींच्या घरी तीच धावपळ. फरक एवढाच की एकाचं हाड मोडलं आणि दुसऱ्याचा मेंदू दुखावला. ही तुलना साधी आहे, पण त्यामागचा विचार प्रामाणिक आहे. रेन यांच्या पुस्तकात मला असा 'मोडलेला हात' सतत हवासा वाटत राहिला.

जनुकांची खरी गोष्ट

आता जनुकांकडे येऊ. डोकं आपटतं त्या क्षणी पेशी फाटतात, धागे तुटतात. त्यावर कुणाचाच इलाज नाही. पण त्यानंतर तासातासानं, दिवसादिवसानं दुसरी इजा सुरू होते. सूज येते, रासायनिक संदेशांचा पूर येतो, दाह होतो. त्यापुढे महिनोन्महिने दुरुस्ती चालते. या दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यात प्रत्येकाचं शरीर थोडं वेगळं वागतं, आणि त्या वेगळेपणात जनुकांचा हात असतो.

एपीओई हे त्यातलं सर्वांत जास्त अभ्यासलेलं जनुक. मेंदूत चरबी आणि कोलेस्टेरॉल वाहून नेणारं प्रथिन त्यापासून बनतं, आणि तुटलेल्या पेशींची आवरणं दुरुस्त करायला हा माल लागतो. त्याचे तीन प्रकार आहेत. त्यांतला ई४ हा अल्झायमरचा धोका वाढवतो हे १९९३ पासून माहीत आहे. १९९७ साली ग्लासगोमध्ये ग्रॅहम टीसडेल यांच्या गटानं डोक्याला मार लागलेल्या नव्वदच्या आसपास रुग्णांचा पाठपुरावा केला. सहा महिन्यांनी ई४ असलेल्यांपैकी ५७ टक्के लोकांची अवस्था वाईट होती, नसलेल्यांपैकी २७ टक्के लोकांची. फरक दुपटीहून जास्त. उत्तर सापडलं असं वाटावं असा निकाल.

पण याच गटानं नंतर सुमारे हजार रुग्ण घेऊन तोच प्रश्न पुन्हा विचारला. २००५ साली आलेल्या त्या अभ्यासात एकंदर फरक जवळजवळ विरून गेला. एक खूण मात्र राहिली. मुलं आणि तरुण रुग्णांमध्ये ई४ चा वाईट परिणाम दिसत होता. फक्त मुलांवर झालेल्या इतर अभ्यासांत हे चित्र कधी जुळतं, कधी जुळत नाही.

वैज्ञानिकांनी स्वतःचाच गाजलेला निकाल दहापट मोठ्या अभ्यासात पुन्हा तपासला आणि तो फिका पडला हे छापलं. मला ही गोष्ट कुठल्याही खुनाच्या प्रकरणापेक्षा जास्त थरारक वाटते. पण अशा गोष्टींवर बेस्टसेलर होत नाहीत.

दुसरं जनुक बीडीएनएफ. पेशींमधले नवे जोड टिकवणारं प्रथिन त्यापासून बनतं. त्याच्या एका प्रकारात साखळीतल्या ६६ व्या जागी व्हॅलिनऐवजी मेथिओनिन येतं आणि प्रथिन कमी प्रमाणात बाहेर सोडलं जातं. साहजिकच हा प्रकार 'कमकुवत' मानला गेला. पण व्हिएतनाम युद्धात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांच्या २०११ सालच्या एका अभ्यासात हा कमकुवत प्रकार असलेल्यांचं नियोजन, निर्णय अशा कामांचं कौशल्य उलट जास्त सावरलेलं दिसलं. ते सैनिक मोठे होते, मुलं नव्हती. पण मुद्दा तोच राहतो. चांगलं जनुक, वाईट जनुक अशी वाटणी दुखापतग्रस्त मेंदूला मान्य नसते.

आणि तिसरं, ज्याच्यावर रेन यांच्या पुस्तकाचा भर आहे ते एमएओए. मेंदूतली काही रसायनं मोडून टाकणारं विकर बनवणारं हे जनुक. त्याच्या मंद प्रकाराला माध्यमांनी 'योद्धा जनुक' असं नाव दिलं आणि ते चिकटलं. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण तिघांत एकाकडे हा प्रकार असतो, एवढं एक वाक्य नावातली हवा काढून घ्यायला पुरेसं आहे. ज्या अभ्यासानं हे जनुक गाजलं, तो अवशालोम कास्पी आणि टेरी मॉफिट यांचा २००२ सालचा. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा जन्मापासून पाठपुरावा होतोय, त्यातले मुलगे त्यांनी घेतले. मंद प्रकार आणि बालपणी छळ, असं दोन्ही वाट्याला आलेले मुलगे १२ टक्के होते. पण हिंसक गुन्ह्यांच्या शिक्षांपैकी ४४ टक्के शिक्षा त्यांच्या नावावर होत्या.

हा आकडा सगळे सांगतात. त्याच अभ्यासातली दुसरी ओळ फार कमी लोक सांगतात. ज्यांच्याकडे मंद प्रकार होता पण ज्यांचा छळ झाला नाही, ते इतरांपेक्षा जास्त हिंसक नव्हते. जनुक एकटं काहीच करत नव्हतं. म्हणजे 'योद्धा जनुका'चा सर्वांत गाजलेला पुरावा हा खरं तर लहान मुलांना मारू नका याचा पुरावा आहे.

एक गोष्ट रेन यांच्या बाजूनं म्हणायला हवी. २०१३ साली एकेका जनुकावर असं बोट ठेवण्याची पद्धत रूढ होती. नंतर ती ढासळली. २०१९ मध्ये नैराश्याशी जोडली गेलेली १८ गाजलेली जनुकं लाखो लोकांच्या माहितीवर तपासली गेली आणि ती इतर कुठल्याही जनुकांपेक्षा खास ठरली नाहीत. वागणुकीमागे शेकडो-हजारो जनुकांचे बारीक बारीक वाटे असतात, हे आता सर्वमान्य आहे. त्यामुळे आज हे पुस्तक वाचताना जनुकांची प्रकरणं जुन्या व्हर्जनच्या डॉक्युमेंटेशनसारखी वाचावी लागतात. आधार घ्यावा, पण कॉपी-पेस्ट करू नये.

'भरून येईल' ही दुसरी खोटी गोष्ट

रेन यांची गोष्ट भीतीची आहे. तिच्या उलट टोकाला आशेची गोष्ट आहे, आणि तीही तितकीच तपासायला हवी. लहान मुलाचा मेंदू लवचिक असतो, म्हणून जितक्या लहान वयात इजा तितकं बरं, ही समजूत मार्गारेट केनार्ड यांच्या नावानं ओळखली जाते. १९३० च्या दशकात त्यांनी येलमध्ये माकडांवर प्रयोग केले. हालचाल नियंत्रित करणाऱ्या भागाला इजा केल्यावर पिल्लं मोठ्या माकडांपेक्षा चांगली सावरली. प्रयोग हातापायांच्या हालचालींचा होता. त्याचा नियम करून तो बुद्धी आणि स्वभावालाही लावला तो इतरांनी.

हातपाय आणि स्वभाव यांत फरक आहे. कपाळामागचा भाग विशीपर्यंत घडत असतो. सहाव्या वर्षी तो दुखावला तर सहाव्या वर्षी काहीच दिसत नाही, कारण सहा वर्षांच्या मुलाकडून कुणी संयमाची अपेक्षाच करत नाही. दहाव्या वर्षी अपेक्षा वाढते आणि खड्डा तेव्हा दिसतो. मूल जणू आपल्या उणिवेत मोठं होत जातं. आम्हाला दवाखान्यात कुणी खोटं सांगितलं नव्हतं. फक्त 'भरून येईल' म्हणजे काय काय भरून येईल, हे आम्ही विचारलं नाही.

आयोवामध्ये दामासिओ दांपत्य आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दोन तरुणांचा अभ्यास छापला. दोघांच्याही मेंदूच्या पुढच्या भागाला वयाच्या सोळाव्या महिन्याच्या आत इजा झाली होती. एक गाडीखाली आला होता, दुसऱ्याची गाठ काढली होती. दोघांची घरं स्थिर, आईबाप शिकलेले, भावंडं व्यवस्थित. दोघंही मोठेपणी खोटं बोलत, चोरी करत, कुठे टिकत नसत. मोठेपणी अशी इजा झालेल्यांना निदान नियम माहीत असतात, फक्त पाळता येत नाहीत. या दोघांना नियम नीट उमगलेच नव्हते. फक्त दोन माणसं आहेत, त्यामुळे त्यावरून नियम करता येणार नाही. पण 'खाण तशी माती' म्हणणाऱ्या प्रत्येक आत्याला त्या व्यवस्थित भावंडांबद्दल सांगावंसं वाटतं.

जे बदलता येतं

आता परत डॉन्टा पेजकडे. त्याच्या कागदपत्रांत एक गोष्ट होती, जी रेन यांनी नोंदवली आहे. मुलाला मानसोपचारांची गरज आहे, अशी शिफारस त्याच्या लहानपणी पुन्हा पुन्हा झाली होती. उपचार एकदाही मिळाले नाहीत. माझ्या दृष्टीनं प्रकरणाचा कणा हा आहे. पण वाचून झाल्यावर डोक्यात राहतो तो रंगीत स्कॅन, कारण पुस्तकानं प्रकाश तिथे टाकला आहे. जनुक बदलता येत नाही, झालेली इजा परत घेता येत नाही, पण ती अपॉइंटमेंट देता आली असती.

ओहायोच्या गटाला नेमकं हेच दिसलं. तीन ते सात वर्षांच्या वयात डोक्याला गंभीर मार लागलेल्या मुलांचं पुढचं वागणं घरावर बरंच अवलंबून होतं. फार कडक, हुकमी घर किंवा अगदी सैल, कशालाच नाही न म्हणणारं घर, दोन्हीकडे मुलांचं वागणं जास्त बिघडलेलं दिसलं. शॅरी वेड यांनी यातून पुढे इंटरनेटवरून चालवता येईल असा कौटुंबिक उपचारच तयार केला, ज्यात मूल आणि आईबाप मिळून रोजच्या अडचणी सोडवायला शिकतात. सिनसिनाटीत त्यांच्यासोबत ब्रॅड कुरोव्स्की यांनी याच मुलांच्या जनुकांचाही अभ्यास हाती घेतला. त्यांचा प्रश्न 'हे मूल धोकादायक होईल का?' असा नाही. 'या मुलाला जास्त मदत लागेल का, आणि कोणती?' असा आहे. तेच जनुक, तीच इजा, पण प्रश्न बदलला की गोष्ट बदलते.

रेन यांच्या पुस्तकाच्या शेवटी २०३४ सालचं एक काल्पनिक चित्र आहे. त्यात अठरा वर्षांच्या प्रत्येक तरुणाचा मेंदू आणि डीएनए तपासला जातो आणि धोकादायक ठरलेल्यांना गुन्ह्याआधीच कोंडलं जातं. योजनेचं नाव लोम्ब्रोसो. हा इशारा आहे की प्रस्ताव, हे लेखक मुद्दाम धूसर ठेवतो. स्वीडनचे आकडे घेऊन मी हिशेब करून पाहिला. डोक्याच्या इजेवरून लोकांना कोंडायचं ठरवलं तर नऊ जणांसाठी एक्क्याण्णव निरपराध आत जातील. असा सॉफ्टवेअर-बदल आमच्या ऑफिसात कुणी सुचवला तर तो रिव्ह्यूतच परत जाईल.

आणि गंमत म्हणजे यावरचा उतारा त्याच पुस्तकात आहे. मॉरिशसमध्ये, जिथे एकोणिसाव्या शतकापासून मराठी कुटुंबंही राहतात, तिथे सत्तरच्या दशकात शंभर मुलांना वयाच्या तिसऱ्या ते पाचव्या वर्षी चांगला आहार, व्यायाम आणि चांगली बालवाडी दिली गेली. ती मुलं तेवीस वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यातली गुन्हेगारी तशाच इतर मुलांपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी होती. आणि वर्तनावरचा फायदा तिसऱ्या वर्षी कुपोषित असलेल्या मुलांना जास्त झाला. या कामात रेन स्वतः सहभागी होते. मेंदू दुबळा असलेल्या मुलालाच मदतीचा जास्त उपयोग होतो, हा त्यांच्या आयुष्यभराच्या कामातला सर्वांत मोलाचा निष्कर्ष आहे. पुस्तकाची सुरुवात कवटीपासून न करता या बालवाडीपासून केली असती तर ते वेगळं पुस्तक झालं असतं. कदाचित कमी खपलं असतं.

तरी मी ते वाचा असंच म्हणेन. माहिती भरपूर आहे आणि लेखक प्रामाणिक आहे. फक्त प्रत्येक प्रकरणानंतर जुन्या माणसाचा तो प्रश्न विचारा, "ही वॉर्निंग काल किती वेळा आली होती?"

भाऊ आता चोवीस वर्षांचा आहे. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. बारीक कामात हात स्थिर आहे, पण दिवसाला सात अलार्म लावल्याशिवाय दिवस पार पडत नाही. राग येतो, तेव्हा दुकानाबाहेर जाऊन चहा घेतो. हे त्याला कुणी शिकवलं नाही, त्यानं स्वतः शोधलं. मी हा लेख लिहितोय म्हटल्यावर त्यानं विचारलं, "दादा, त्या पुस्तकात माझ्यासारख्याचं काय आहे?"

मी म्हटलं, "काहीच नाही. तू काही केलं नाहीस ना."

"मग बरंय," म्हणाला, आणि त्याचा पाचवा अलार्म वाजला.